रस्त्यावरच्या मुली उचलणारी मंडळी

गर्भपातावर उपदेश असला की आमच्या मंडळीत ‘दिदाखे’चं नाव हमखास निघतं. पहिलं शतक संपता संपता किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेलं हे छोटंसं शिक्षणपुस्तक. गर्भ पाडू नका, जन्मलेलं मूल मारू नका, असं ते एका दमात बजावतं. प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून माझं आयुष्य गेलं आणि ही शिकवण मला मान्य आहे. पोटातला जीव देवाचा आहे, असं मी मानते. पण पाळकांचा उपदेश तिथंच आटोपतो, याचं मला वाईट वाटतं. आपले विश्वासातले पूर्वज तिथं थांबले नव्हते.

त्यांच्या भोवतालचं जग पाहा. इसवी सनापूर्वी १ या वर्षी अलेक्झांड्रियात मजुरीला गेलेल्या एका माणसाने बायकोला लिहिलेलं पत्र इजिप्तच्या वाळूत सापडलं आहे. मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे, असं तो लिहितो. त्याच पत्रात तो तिला धीर देतो, मजुरी हाती येताच पाठवतो म्हणतो. माणूस प्रेमळ होता. मुलगी टाकणं ही रीतच होती. आपल्या महाराष्ट्रात २००१ साली सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. ते पत्र मला फार जुनं वाटत नाही.

त्या रीतीला ख्रिस्ती लोकांनी नकार दिला. अथेनागोरसने इ.स. १७७ च्या सुमारास सम्राट मार्कस ऑरेलियसला तसं स्पष्ट लिहिलं. पुढे शिस्तही कडक झाली. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्विराच्या परिषदेने व्यभिचारातून राहिलेलं मूल मारणाऱ्या विवाहितेला मरतानासुद्धा प्रभुभोजन नाकारलं. पण ३१४ मध्ये अंकिराच्या, म्हणजे आजच्या अंकाराच्या, परिषदेने जन्मभराची बंदी दहा वर्षांवर आणली, आणि दया म्हणून आणतो आहोत असं नोंदवून ठेवलं. कैसरियाचा बिशप बेसिल याने तीच दहा वर्षं धरली, मात्र वर्षं मोजण्यापेक्षा पश्चात्ताप पाहा, असं सांगितलं. पाप ते पापच मानत होते. बाईला परत येण्याची वाट त्यांनी मोकळी केली. अंत्युखियात योहान ख्रिसोस्टोमने तर बोट पुरुषाकडे वळवलं: तिला या कृत्यापर्यंत तू ढकललंस.

बेसिलची थोरली बहीण माक्रिना मला सगळ्यांत जवळची. दुष्काळात लोकांनी रस्त्यावर टाकलेल्या मुली तिने उचलून आणल्या, वाढवल्या. ३७९ मध्ये ती वारली तेव्हा आई म्हणून तिच्यासाठी रडणाऱ्यांत याच मुली होत्या. तिच्या भावाने, निस्साच्या ग्रेगरीने, हे लिहून ठेवलं आहे. त्या घराला गर्भपात करू नका म्हणण्याचा अधिकार होता.

आपल्याकडे १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांसाठी बाळंतपणाची जागा उघडली, ती दोघं ख्रिस्ती नसताना. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणलं, आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथं कृपासदन चालवलं.

आणि आम्ही? एका मंडळीत लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला पंचांनी उभं करून जाब विचारलेला मी पाहिला आहे. तिचं प्रभुभोजन बंद झालं. मुलगा मात्र पुढच्या रविवारी व्यासपीठावरून शास्त्रवाचन करत होता. तिने पुढं काय केलं ते मी सांगणार नाही, पण त्या पंचांना दिदाखे उघडण्याचा हक्क नाही, असं मला ठाम वाटतं.

गर्भपाताला मुभा देणारा १९७१ चा कायदा मागे घ्यावा, असं मी म्हणणार नाही. चोरून गर्भ पाडून, अंगात विष भिनल्यावर आणलेल्या बायका मी हाताळल्या आहेत. तुरुंगाच्या भीतीने त्या आणखी उशिरा आल्या असत्या. मी कायद्याशी नाही, मंडळीशी बोलते आहे. आमच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटीला रक्कम असते, पण एखाद्या मुलीच्या बाळंतपणाला एक रुपयाही नसतो. येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: अशा मुलीचं बाळंतपण मंडळीच्या खर्चाने व्हावं, राहायला पाळकगृहामागची रिकामी खोली द्यावी, आणि बाळाचा बाप्तिस्मा बापाचं नाव न विचारता करावा. अनुमोदनासाठी महिला मंडळातल्या दोघी तयार आहेत, पंचांपैकी अजून कोणी नाही.