साठ्याचे पैसे कोण देणार?

१७ मार्च २००० रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात वीज कोसळली. अल्बुकर्की शहरातल्या फिलिप्सच्या चिप कारखान्याचा वीजपुरवठा गडबडला, एका भट्टीने पेट घेतला आणि दहा मिनिटांच्या आत आग विझलीही. पण चिप जिथे बनतात तिथे धुळीचा कणसुद्धा चालत नाही, आणि आता तिथे धूर आणि पाणी शिरले होते. फिलिप्सने ग्राहकांना कळवले, माल आठवडाभर उशिरा मिळेल.

कारखान्याचे दोन बडे ग्राहक होते, फिनलंडची नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन. निरोप दोघींनाही गेला. नोकियाच्या खरेदी विभागाने तो लगेच वरिष्ठांच्या कानावर घातला आणि फिलिप्सकडे रोज विचारणा सुरू केली. प्रकरण महिन्यांवर जाणार हे उमगताच नोकियाने फिलिप्सच्या इतर कारखान्यांतून माल मिळवला, काही चिपची रचना बदलून त्या दुसऱ्यांकडून करून घेतल्या. एरिक्सनमध्ये मात्र मोबाइल विभागाच्या प्रमुखाला या प्रकाराचे गांभीर्य कळायला एप्रिल उजाडला. त्यातच खर्च वाचवायचा म्हणून दुसरा पुरवठादार आधीच सोडून दिलेला. सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका बसला. २००१मध्ये एरिक्सनचा मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. त्याला इतरही कारणे होती, पण या आगीचा वाटा मोठा.

वीज कुठे पडणार, हे जोखमीच्या कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. वाईट बातमी किती लवकर वर पोहोचते आणि हाताशी राखीव काय आहे, एवढेच कंपनीला आधी ठरवता येते. राखीव ठेवायला पैसा लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

जपानमधल्या २०११च्या भूकंपाने टोयोटाला हा धडा दिला. ऐन वेळी, हवा तेवढाच माल मागवण्याची पद्धत जगाला शिकवणाऱ्या या कंपनीने त्यानंतर पुरवठादारांना दोन ते सहा महिने पुरतील इतक्या चिप साठवायला सांगितल्या. दरवर्षीच्या खर्चकपातीतून वाचणाऱ्या पैशांचा काही भाग या साठ्यासाठी पुरवठादारांना परत दिला जाई. म्हणूनच २०२१च्या चिपटंचाईत सुरुवातीचे महिने टोयोटा इतरांपेक्षा तगून राहिली. सप्टेंबरमध्ये मात्र तिलाही उत्पादनाच्या नियोजनात ४० टक्के कपात करावी लागली. साठ्यालाही मर्यादा असतेच.

त्याच सप्टेंबरात महिंद्रने आपल्या वाहन कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले. मोठा कारखाना थांबला की त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपचेही शेड्यूल कोलमडते. तयार माल रॅकवर पडून राहतो, बँकेचे व्याज आणि कामगारांचे पगार काही थांबत नाहीत.

आता बड्या कंपन्या जोखीम व्यवस्थापनाच्या नावाने वेंडरला जादा साठा ठेवायला सांगणार असतील, तर चाकण-भोसरीतल्या लघुउद्योजकाने त्याचे भांडवल आणायचे कुठून? लघुउद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करा, असे २००६चा कायदा सांगतो. तरी थकलेल्या पैशांची तक्रार अजून सरलेली नाही. साठा हवा असेल तर त्याचे व्याज आणि गोदामाचे भाडे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहावे. तसे न करता दिलेली सूचना म्हणजे स्वतःची जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात मारणे आहे, आणि लघुउद्योजकांच्या संघटनांनी करार करतानाच ती नाकारली पाहिजे.