स्टेशनापुढचे अंगण

गेल्या दिवाळीत शेजारचे एक गृहस्थ फराळाला आले होते. चकली मोडता मोडता म्हणाले, "मास्तर, स्टेशनापुढे घरे बांधणार म्हणे! मग आमच्या मोटारी कुठे ठेवायच्या?"

मोटारीला जागा हवी, माणसाला नको, असा हा हिशेब! नव्या मुंबईत १९९२ साली मानखुर्दहून वाशीला लोकल आली, तिच्या खर्चाचे दोन वाटे सिडकोने उचलले आणि एक रेल्वेने. सिडकोचा पैसा तरी कुठला? पंचाण्णव गावांच्या शेतकऱ्यांकडून घेतलेल्या जमिनींचे भूखंड पाडून विकले, त्याचा. पुढे वाशीला स्टेशनाच्या माथ्यावर कचेऱ्यांचे इमले चढले, ते कुणाला खुपले नाहीत. २०१८ पासून सिडकोने स्टेशनांपुढच्या नि बस-ट्रक तळांच्या जागी कमी मिळकतीच्या लोकांसाठी घरे काढली, तेव्हा मात्र 'गर्दी होईल' अशी ओरड सुरू झाली.

आमच्या शाळेचा शिपाई लांबून शेअर रिक्षाने स्टेशन गाठतो. त्याच्या लोकलच्या पासापेक्षा महिन्याचे रिक्षाभाडे कितीतरी अधिक होते! स्टेशनाजवळ राहायचा हक्क आधी त्याचा. खाली दुकाने काढा, जरूर काढा. पण सारे गाळे लिलावात बड्यांच्या घशात घालू नका. पिठाची गिरणी, भाजीवाली, सायकलवाला यांनाही तिथे बसू द्या.

हे सारे त्या गृहस्थांना सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही कादंबऱ्या लिहा." त्यांचे घर स्टेशनापासून सात मिनिटांच्या चालीवर आहे. मी घड्याळ लावून चालून आलो आहे.