डीएनएची अक्षरे आणि गुप्ततेची किल्ली

संपादक महाशयांस,


डीएनएच्या चार घटकांत मजकूर बांधला की तो आपोआप अभेद्य होतो, सबब सरकारी दफ्तरे निर्धास्तपणे त्याच्या हवाली करावीत, ही गतांकातील पत्रलेखकांची शिफारस मला धोक्याची वाटते. दर दोन बिटांस ए, सी, जी, टी यांपैकी एक अक्षर नेमून देणे हे निव्वळ लिप्यंतर होय. ते कोष्टक हाती पडताच कोणताही कारकून मजकूर उलगडील.

१९९९ साली न्यूयॉर्कच्या क्लेलँड, रिस्का व बॅनक्रॉफ्ट या संशोधकांनी नॉर्मंडीच्या स्वारीचा संदेश डीएनएच्या एका धाग्यात गुंफून, तो मानवी डीएनएच्या असंख्य तुकड्यांत मिसळून, त्याचा कागदी ठिपका पत्रातील पूर्णविरामावर चिकटवून टपालाने रवाना केला, तेव्हा गुप्ततेचा सारा भार धाग्याच्या दोन्ही टोकांच्या, प्रत्येकी २० अक्षरांच्या अनुक्रमांवर होता; ते ज्यास ठाऊक, त्यालाच पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राने नेमका तो धागा वाढवून वाचता येई. ही किल्ली मात्र पूर्वापार दक्षतेनेच सांभाळावी लागते.

शिवाय, १९९४ साली परीक्षानळीत डीएनए वापरून सात बिंदूंमधील मार्ग शोधणारे लेनर्ड एडलमन, जे आरएसए कूटपद्धतीचेही एक जनक, त्यांनीच पुढे सहकाऱ्यांसह डीएनएच्या साह्याने डीईएस ही कूटपद्धती फोडण्याची योजना मांडली होती, याची दखल पत्रलेखकांनी घ्यावयास हवी होती.

आपला,
एक वाचक