टाकणे, फेकणे आणि १५ अंश

मराठीत गोलंदाज चेंडू 'टाकतो' आणि क्षेत्ररक्षक तो 'फेकतो'. हा भेद आपण सहज पाळतो. पण टाकण्याचे फेकणे नेमके कोणत्या क्षणी होते, असे कोणी विचारले तर आपली पंचाईत होते. श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरन याची सारी कारकीर्द या प्रश्नावर पणाला लागली होती. देहाच्या हालचाली मोजणारे जैवयांत्रिकी हे शास्त्र त्या वादात उतरले आणि निकाल प्रयोगशाळेत लागला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस ती अर्धीच खरी वाटते.

२६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्नच्या कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी तीन षटकांत त्याचे सात चेंडू फेकी ठरवून 'नो-बॉल' दिले. 'फेकी' ही निव्वळ तांत्रिक नोंद नसते; तिच्यात लबाडीचा आरोप दडलेला असतो. पंचांना वाकलेला हात दिसला आणि तो खरोखरच वाकलेला होता, कारण मुरलीधरनचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. तथापि वाकलेल्या हाताला नियमाची हरकतच नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर सरळ होत जाणे, हा दोष होय.

हा दोष एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून पारखता येत नाही. वाकलेला हात खांद्यातून फिरताना सपाट पडद्यावर सरळ होत असल्याचा भास होतो. म्हणून खांदा, कोपर व मनगट यांवर चकाकणाऱ्या खुणा चिकटवून, सभोवती अनेक वेगवान कॅमेरे लावून, त्रिमितीत क्षणाक्षणाचा कोन काढतात. १९९६ साली पर्थ आणि हाँगकाँग येथे झालेल्या तपासण्यांनी मुरलीधरनचे फेकणे हा दृष्टिभ्रम असल्याचा निर्वाळा दिला.

कथा येथे संपत नाही. २००४ मध्ये त्याच्या 'दुसरा' या चेंडूविषयी तक्रार झाली. पर्थच्या विद्यापीठात कोपर सुमारे १४ अंश सरळ होते असे आढळले; सुधारणेनंतर ते सुमारे १० अंशांवर आले. फिरकी गोलंदाजांना तेव्हा ५ अंशांचीच सूट होती. म्हणजे आकड्यांनी त्याला दोषी ठरवले. परंतु तीच मोजपट्टी इतरांना लावली तेव्हा ज्यांच्या शैलीवर कोणी कधी बोट ठेवले नव्हते, अशा गोलंदाजांचेही कोपर सरळ होताना आढळले. अखेर १ मार्च २००५ पासून सर्वांना १५ अंशांची एकच मर्यादा लागू झाली. हाच आकडा का? कोपर साधारण इतके सरळ झाले की ते नुसत्या डोळ्यांना दिसू लागते, असे कारण देण्यात आले. डोळ्यावर अविश्वास दाखवून सुरू झालेले मापन शेवटी डोळ्यापाशीच येऊन थांबले!

साहित्याच्या अभ्यासकांनी यावर विचार करावा, असे आम्हांस वाटते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, हे आपण वर्गात शिकवतो. प्रत्यक्ष उच्चारात हे प्रमाण काटेकोर नसते हेही आपण जाणतो. तरी मात्रा मोजणे सोडत नाही, कारण मोजल्यावाचून वृत्ताविषयी नेमके बोलताच येत नाही. मोजमापाने रसिकता मरते ही आपल्याकडची जुनी भीती म्हणूनच अनाठायी आहे. कोपर किती अंश सरळ झाले हे यंत्र सांगते. किती अंशांना 'फेकणे' म्हणायचे हे मात्र माणसे ठरवतात, आणि त्या निर्णयाची जबाबदारी त्यांनी यंत्रावर ढकलू नये.

जुलै २०१० मध्ये मुरलीधरन ८०० कसोटी बळी घेऊन निवृत्त झाला. त्याच्यासाठी नियम वाकवला, असे म्हणणारे अद्यापही भेटतात. त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे: आपली 'फेकणे' या शब्दाची व्याख्या कोणती, आणि ती आपल्या आवडत्या गोलंदाजालाही लावायची तयारी आहे काय?