रस्त्यास व गडास एकच जोडा

सातपुराहून त्र्यंबकच्या रस्त्यास लागलें कीं सुमारें ४,२०० फूट उंचीचा अंजनेरी फार दूर नाहीं. म्हणून मुलांचा पहिला गड बहुधा तोच ठरतो. अशा वेळीं घरोघर प्रश्न निघतो: शाळेच्या जोड्यावर भागेल, कीं गडासाठीं निराळा घ्यावा? आमच्या मतें नवशिक्यास दोन जोडे नकोत. खोल खांचांच्या रबरी तळाचा, टांच घट्ट धरणारा एकच जोडा दोहोंस पुरतो. मऊ रबर कोरडा कातळ चांगला धरतें, पण डांबरी रस्त्यावर लवकर झिजतें. कठीण रबर टिकतें, पण ओल्या दगडावर घसरतें. रोज चालणाऱ्यानें मधलें पाहावें. शेवाळावर मात्र कोणत्याच तळाचा भरंवसा नाहीं.

कित्येक मुलें वडिलांचे कारखान्यांतील सेफ्टी बूट मागून नेतात. त्यांच्या टोंकाचें पोलाद पडत्या वजनापासून बोटें राखण्यास्तव असतें. उतारावर तींच बोटें त्या पोलादावर आदळतात.

पालकांस आमची खरी विनंती मापाविषयीं आहे. वाढतें अंग म्हणून मोठें माप घेण्याची आपली जुनी रीत सदऱ्यास शोभते. जोड्यांत तिच्यामुळें पाय पुढें सरकतो, नखें काळीं पडतात आणि नेमकें पायऱ्यांवर पाऊल चुकतें. जोडा सायंकाळीं, पाय किंचित् फुगलेले असतां, जाड मोजे घालून पाहावा. बोटें पुढें टेकविल्यावर टांचेमागें एक बोट जावें, अधिक नको. सहलीपूर्वी पंधरवडाभर तो शाळेंत वापरावा. वर्षभरांत तो लहान होईल, हें खरें. खांचा शिल्लक असल्या तर धाकट्याच्या पायांत जाईल.