'शंभर टक्के नोकरी'च्या बाजारात संगणक-दुरुस्तीचे शिक्षण

आमच्या छापखान्यात बांधणीचे काम करणारे एक ज्येष्ठ सहकारी गेल्या महिन्यात एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन माझ्या मेजापाशी आले. मूळचे सोलापूरचे; दिल्लीत येऊन तीस वर्षे झाली. "कॉम्रेड, तुम्ही एवढे इंग्रजीचे मराठी करता, तेवढे हेही करून सांगा. पोराला यात घालू का?" मुलगा बारावी झालेला. संगणक-दुरुस्ती आणि नेटवर्कची देखभाल यांचे अकरा महिन्यांचे शिक्षण, शुल्क ९० हजार रुपये. ही रक्कम ते भविष्यनिर्वाह निधीतून उचलणार होते. हे गृहस्थ मुळात खिळे जुळवणारे कंपोझिटर. छापखान्यात संगणक आला, शिशाचे खिळे भंगारात गेले आणि त्यांची रवानगी बांधणीकडे झाली. आता त्याच यंत्राची निगा राखून मुलाने पोट भरावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

प्रत्येक शब्दाला अडवून अर्थ विचारण्याची खोड अनुवादकाला असते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर शंभर टक्के नोकरीची 'गॅरंटी' होती. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, तिचे 'असिस्टन्स' झाले होते. हमी आणि साहाय्य या दोन शब्दांमधील अंतर किती? या घरापुरते बोलायचे तर ९० हजार रुपये. तीन मुलाखतींना पाठविले की संस्थेची जबाबदारी संपली आणि भरलेले शुल्क कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, हेही तेथेच नमूद होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी-क्षेत्रातील फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली असून नोकरीची खोटी हमी देण्यास त्यांत मनाई आहे. परंतु ज्याला माहितीपत्रकच दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, त्याने प्राधिकरणाकडे दाद मागावी ती कशी?

अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी हे काम नेमके काय असते, ते पाहिले पाहिजे. संगणक-साहाय्यकाचा दिवस तक्रारींच्या नोंदींनी सुरू होतो. कोणाचा पासवर्ड चालत नाही, कोणाचा प्रिंटर कागद ओढत नाही, कोणाच्या यंत्राला आयपी पत्ता मिळत नाही. केबलला जोडणी बसविणे, मल्टिमीटरने वीजपुरवठा तपासणे, हार्ड डिस्क निकामी होण्याआधी माहितीची प्रत काढून ठेवणे हे हाताचे काम आहे. त्याच्या जोडीला कानाचेही काम आहे. घाबरलेल्या, चिडलेल्या माणसाच्या बोलण्यातून बिघाड ओळखणे आणि तो दोन ओळींत नीट नोंदविणे ज्याला जमत नाही, तो कितीही शिकला तरी अडतो. (कलाशाखेच्या पदवीधरांची टवाळी करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारावा की, अकरा महिन्यांत विद्यार्थ्याच्या हाती यंत्र प्रत्यक्ष किती तास येणार? एका संगणकामागे किती जण बसणार? विंडोज १० चा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. ज्या प्रयोगशाळेत आजही विंडोज ७ वरच धडे चालतात, तिथे शिकविले जाते ते कालचे काम.

हे कसब एके काळी सार्वजनिक क्षेत्राची जबाबदारी मानले जात होते, याची आज कोणाला आठवणही नाही. १९७५ साली केंद्र सरकारने कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन हा उपक्रम स्थापन केला. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल याच उपक्रमाने अंगावर घेतली. पुढे रेल्वे-आरक्षणाच्या संगणकीकरणाचे काम त्याच्याच हातून झाले. २००१ मध्ये हा उपक्रम टाटांच्या स्वाधीन करण्यात आला आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाला. अशा क्षेत्रात शिकण्याचा खर्च आता बांधणी-कामगाराने आपल्या म्हातारपणाच्या शिदोरीतून करायचा आहे!

तरीही सार्वजनिक मार्ग पुरते बुजलेले नाहीत. सरकारी आयटीआयमध्ये दहावीनंतर 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर ओळखले जाते. पुष्कळ मुले नावातील साम्यामुळे 'कोपा' या ट्रेडला जातात. तो मुख्यतः संगणक चालविणाऱ्याचा आहे, दुरुस्त करणाऱ्याचा नव्हे. महाराष्ट्रातील वाचक एमएस-सीआयटीचे नाव घेतील. ती संगणक-साक्षरता झाली. 'नायलिट'चा ओ-लेव्हल सरकारी आहे आणि भरवशाचा आहे, पण त्याचा भर वेबपृष्ठे व पायथनकडे अधिक. आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनावर काम शिकता आले, तर वर्गातल्या वर्षापेक्षा ते अधिक मोलाचे.

कॉम्पटिया ए-प्लसच्या परदेशी प्रमाणपत्राला खाजगी कंपन्यांत किंमत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रमाणपत्र टिकते तीन वर्षे, पुढे नूतनीकरण. म्हणजे ज्ञानाचेही भाडे! शिवाय २०२५ च्या आरंभी हा प्रमाणपत्रांचा व्यवसाय दोन अमेरिकी गुंतवणूक-कंपन्यांच्या मालकीचा झाला. नोकरी लागल्यावर, शक्यतो मालकाच्या खर्चाने, ही परीक्षा द्यावी. कर्ज काढून प्रारंभ मात्र तिच्यापासून करू नये.

आयटीआयची भलामण करताना डोळे झाकून चालणार नाही. अनेक ठिकाणी निदेशकांच्या जागा रिक्त आहेत, यंत्रे जुनी आहेत, आणि हा ट्रेड प्रत्येक संस्थेत नाही. खाजगी दुकानदारी फोफावते ती या रिकाम्या जागांतच. म्हणून पालकांच्या चौकशीइतकीच युवक संघटनांची मागणीही आवश्यक आहे: निदेशक भरा, प्रयोगशाळा आजच्या करा. ती मागणी पुरी होईपर्यंत या मुलाने काय करावे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नव्हते.

पुढच्या आठवड्यात बापलेक त्या संस्थेत गेले. प्रयोगशाळा काचेतून पाहायला मिळाली. चौदा संगणक होते, उघडून ठेवलेला एकही नव्हता. नोकरीची हमी संस्थेच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी द्या, असे आमच्या सहकाऱ्यांनी म्हणताच 'साहेब बाहेरगावी आहेत' असे उत्तर आले. मुलगा आता आयटीआयच्या अर्जाची कागदपत्रे जमवतो आहे आणि शनिवारी नेहरू प्लेसमधील एका दुरुस्तीच्या दुकानात विनावेतन बसतो. भविष्यनिर्वाह निधीचा भरलेला फॉर्म बांधणीच्या टेबलाच्या खणात तसाच पडून आहे.