थर्मोस्टॅट कुणाच्या मालकीचा?

अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत भट्टी तळघरात असते आणि तिची कळ हॉलच्या भिंतीवर. ही कळ म्हणजे थर्मोस्टॅट. काम अगदी साधं. घर ठरवलेल्या आकड्यापेक्षा गार झालं की २४ व्होल्टच्या दोन तारा जोडायच्या, पुरेसं गरम झालं की तोडायच्या. बस्स!

आता त्याला वाय-फाय आलं. सोफ्यावर बसून मोबाइलवर '२१ अंश' असं सांगितलं की बऱ्याच मॉडेलांत तो निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून दहा फुटांवरच्या भिंतीवर परत येतो. शुद्ध द्राविडी प्राणायाम! :-)

तेवढंच असतं तर चाललंही असतं हो. पण सर्व्हर त्यांचा, म्हणजे शेवटचा शब्दही त्यांचाच. नेस्टने २०१४ साली रिव्हॉल्व्ह ही कंपनी घेतली. तिचा ३०० डॉलरचा हब लोकांनी 'आजीवन सेवा' म्हणून विकत घेतला होता. मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद झाला आणि हबचं खोकं झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्टच्या २०११ आणि २०१२ च्या थर्मोस्टॅटचा मोबाइल ॲपशी संबंध तुटला. भिंतीवर हाताने फिरवले तर ते अजून चालतात, पण लोकांनी जास्तीचे पैसे मोजले होते ते कशासाठी?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरातल्या नेटवर्कवर थेट बोलत नसेल तो थर्मोस्टॅट घेऊ नका.

असे थर्मोस्टॅट आहेत. रेडिओ थर्मोस्टॅटचं जुनं सीटी-५० मॉडेल घ्या. त्याच्या आयपी पत्त्यावर साधी एचटीटीपी विनंती पाठवली की तापमान जेसनमध्ये हजर. व्हेनस्टारचंही लोकल एपीआय आहे. २०२२ साली आलेलं मॅटर हे मानक तर घरातल्या नेटवर्कवरच चालावं म्हणून बनलंय. जोडणीही अवघड नाही. राउटरमध्ये थर्मोस्टॅटचा पत्ता पक्का करायचा, रास्पबेरी पायवरच्या होम असिस्टंटमध्ये तो जोडायचा आणि मग त्याचा इंटरनेटचा रस्ता बंद करायचा. फक्त घेण्याआधी भिंतीत सी-वायर आहे का ते बघा, कारण वाय-फायला सतत वीज लागते.

आता दुसरी बाजू. लोकल म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मुळीच नाही. याच सीटी-५० चं लोकल एपीआय पासवर्ड मागत नाही, आणि ब्राउझरमार्गे बाहेरचाही माणूस तिथे पोचू शकतो हे २०१८ मध्ये उघड झालं. तेव्हा अशा उपकरणांचं नेटवर्क वेगळं ठेवा. बाहेरून बघायचंय? घरापर्यंत व्हीपीएन टाका. शिवाय अपडेट आणि बॅकअप आता आपल्याच गळ्यात. शनिवारची एखादी सकाळ जाणारच.

आणि एक गोष्ट विसरू नका. पाय बंद पडला तरी घर गरम राहिलं पाहिजे. म्हणून किमान तापमान थर्मोस्टॅटमध्येच ठरवलेलं हवं. शिकागोच्या जानेवारीत भट्टी रात्रभर बंद राहिली तर नळातलं पाणी गोठून पाइप फुटतात. तिथे हौसेला जागा नाही.

थोडक्यात काय, तर राउटरमधून इंटरनेटची वायर काढून बघा. मोबाइलवरून तापमान तरीही बदलता आलं, तर थर्मोस्टॅट तुमचा. नाहीतर तुम्ही भाडेकरू.